माझ्या नावची सव्वा मूठ

मी चौथी शिकलेला माणूस. चौथी पास की नापास ते विचारू नका. निकालाच्या दिवशी मी बापाच्या पिठाच्या गिरणीत होतो आणि तेव्हापासून गिरणीतच आहे. धरणगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आता गिरण्या तीन आहेत. एकीत तर बटण दाबलं की सगळं आपोआप होतं, माणूस लागत नाही म्हणे. माझ्या गिरणीत मी लागतो.

गाव मला तोंडावर नाना म्हणतं आणि पाठीमागं नास्तिक. हा नास्तिक शब्द लोकांनी मला दिला तेव्हा कळला. त्याआधी मी नुसताच देव न मानणारा होतो.

त्याचं कारण फार मोठं नाही. गिरणीच्या पट्ट्यासमोर बापानं लक्ष्मीचा फोटो लावला होता. मोटर सुरू केली की मी रोज डोळे मिटून हात जोडायचो. एका सकाळी डोळे मिटून हात जोडायला गेलो आणि डाव्या हाताची करंगळी चालू पट्ट्यात गेली. दवाखान्यातून आलो, फोटो काढून बायकोच्या हवाली केला आणि त्याच खिळ्याला पाना अडकवला. त्यानंतर बोटं उरली तितकीच आहेत. गाव मात्र हीच गोष्ट उलटी सांगतं. नानानं फोटो काढला म्हणून बोट गेलं. चाळीस वर्षं मी सांगतोय, बोट आधी गेलं, फोटो नंतर. भक्त माणसाला आधी काय अन् नंतर काय, याचं काही पडलेलं नसतं.

आमच्या मंदिराच्या मंडळाचे अध्यक्ष दळण घेऊन आले की पाळीवर, म्हणजे दारातल्या बुटक्या कट्ट्यावर, बसून मला छेडतात. "नाना, देव नही मानतस, मंग मानतस तरी काय?"

मी म्हणतो, "दगड मानतो."

"आम्ही बी दगडच मानतस."

"तुमच्या दगडाला टाकी-हातोडी लावावी लागत नाही. माझ्या दगडाला दर महिन्याला लावावी लागते."

मग ते हसतात, मी हसत नाही. कारण मी खरंच सांगत असतो.

आता मुद्द्यावर येतो. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, लागतात. रोटाचे गहू आदल्या दिवशी दळायचे आणि ते मापानं नाही, मुठीनं मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ. पोरगा पाळण्यात असो की नोकरीवर लांब असो, त्याची मूठ पडलीच पाहिजे. आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. ह्या पिठात दुसऱ्या धान्याचा कण चालत नाही. म्हणून त्या शनिवारी गिरणी धुतलेली लागते आणि दिवसभर रोटाशिवाय दुसरं काही दळायचं नसतं.

गंमत अशी की तीन गिरण्यांतून गावातली जुनी घरं रोटाचं दळण घेऊन येतात ती देव न मानणाऱ्याकडे. बाकी दोघे कपाळाला गंध लावतात आणि दगडावरून नुसतं फडकं फिरवतात. मी वरचा दगड उचलून बाजूला घेतो, खाच न् खाच ब्रशनं काढतो, पाण्यानं धुतो, उन्हात वाळवतो, पीठ पडायची कापडी सोंड नवी शिवून लावतो. देवीसाठी नाही. गिरणी धुतली असं मी म्हणालो तर ती धुतलेली असली पाहिजे, एवढंच.

स्वतः रोट मात्र मी खात नाही. आमच्या दोन्ही घरांची कानबाई मोठ्या भावाकडे बसते. करंगळी गेली त्याच वर्षी मोठ्या भावाला सांगून टाकलं, "माझ्या नावची मूठ टाकू नका." भाऊ म्हणाला, "बरं." मला वाटलं होतं भांडेल. भांडला नाही याचा मला थोडा रागच आला. पण शब्द दिला तो दिला. चाळीस वर्षं भावाच्या घरचा रोट तोंडात घातला नाही. भाऊ वारला, रोट वहिनीनं चालू ठेवले, तरी नाही. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ह्या वर्षी शुक्रवारी दगड धुतला. शनिवारी पहाटे उठून आंघोळ केली. सकाळी पहिली वहिनीच आली, दरवर्षीसारखी. तिच्यामागं सहा घरच्या बाया. दुपारपर्यंत सात घरचे रोट दळून झाले आणि मी मागच्या घरात जेवायला बसलो.

बायकोनं ताटात भाकरी टाकली. कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. मी पहिला घास मोडला आणि म्हणालो, "ताजं लागतंय. पीठ कधी आणलं?"

तिनं चुलीशेजारच्या डब्याकडे बोट केलं. "तुम्हीच तं सकायमां दयी आनं. डबा चुल्हाजोडे ठेयेल शे."

घास तिथंच राहिला. दर शनिवारी गिऱ्हाईक यायच्या आधी मी आठवड्याचं कळणं दळतो. चाळीस वर्षांची सवय. फक्त रोटाच्या शनिवारी ते टाळतो, यंदा टाळायचं राहिलं. हातांनी डबा उचलला, धुतलेल्या दगडात ओतला, दळला, आणि हातांनी मला विचारलंही नाही.

बायको देवाधर्माची. एरंडोलजवळच्या गणपतीला पायी जाऊन आलेली. ती काय म्हणाली? "कोनले सांगू नका. देवी समजी लेस."

देवी समजून घेईल! माझी अडचण तीच होती. देवी असती तर दोन हात जोडून मोकळा झालो असतो. माझ्याकडं माफ करणारं वर कोणी नाही. खाली सात घरं आहेत आणि त्यांना मी सांगितलंय, गिरणी धुतलेली आहे.

दळणाऱ्याला एक माहीत असतं. दगडाच्या खाचांत उरलेलं पीठ पहिल्या दळणातच निघून जातं. दुसऱ्यात वास राहतो, तिसऱ्यात काहीच नाही. म्हणजे उडीद असला तर वहिनीच्या पिठात असणार. बाकी सहा घरी जायची गरज नव्हती. पण सांगितलं होतं सातही घरांना. जेवण तसंच ठेवून निघालो.

पहिले अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, "तुमच्या पिठाआधी मी कळणं दळलं होतं. गहू द्या, दगड परत धुतो आणि परत दळून देतो."

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "नाना, हयू बोला! येडा व्हयनात का? घरमां बायानी पुरननी डाय शिजाडी ठेयेल शे. आते परत कोन करी?"

"पण कण चालत नाही ना?"

"काय बिघडनं? उडीद बी देवीनाच शे."

"मग दरवर्षी मला दगड कशाला धुवायला लावता?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या. फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "गावमां बोंबलू नका, नाना. तुमनीच गिरणी बंद पडी." देवाचा अध्यक्ष मला लपवायला शिकवत होता.

पुढच्या पाच घरी हेच. एकीनं कानावर हात ठेवले, म्हणजे ऐकलंच नाही. एकीनं चहा दिला आणि विषय बदलला. एक म्हणाली, "तुम्ही देव मानत नही, मंग तुम्हले काबरं इतलं लागी ऱ्हायनं?" मी म्हटलं, "म्हणूनच." तिला ते समजलं नाही.

वहिनीकडे शेवटी गेलो, कारण तिथं जायचीच भीती होती. ती ओट्यावर बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. ती रागावली नाही, देवी समजून घेईल असंही म्हणाली नाही. उठली, पिठाचा डबा बाजूला केला, कोठीतून गहू काढले, सूप पुढ्यात घेतलं आणि पुन्हा मुठी मोजायला बसली.

मी बघत होतो. तिचे दोन मुलगे, दोन मुठी. तीन नातू, पाच. माझा मुलगा भुसावळला रेल्वेत आहे, त्याची सहावी. त्याच्या पोराची सातवी. प्रत्येक मुठीवर पाव मूठ वर. संपलं असं मला वाटलं. तिनं आणखी एक मूठ भरली.

"ही कोणाची?"

"तुमनी."

"माझी टाकू नका असं सांगितलं होतं. भाऊ बरं म्हणाला होता."

"त्यासनी बरं म्हनं. माले कोन इचारं? दर सालले टाकस मी."

चाळीस वर्षं. मी मूठ नाकारली म्हणून छाती काढून फिरलो आणि माझी मूठ दरवर्षी माझ्याच गिरणीत, माझ्याच हातानं दळली जात होती. मी सुपाकडे हात केला. म्हटलं, "काढा ती."

तिनं सूप माझ्यापुढं सरकवलं. "ल्या. तुमना दाना वळखी काढा."

गव्हावर कुठं नाव लिहिलेलं असतं? मी सूप परत सरकवलं.

गिरणीत जाऊन दगड दुसऱ्यांदा उघडला. धुतला, पुसला, उरलेल्या उन्हात वाळवला. आधी माझे घरचे दोन किलो गहू दळून ते पीठ म्हशीला घातलं. मग वहिनीचं दळलं. ती पाळीवर बसून होती. डबा हातात घेताना म्हणाली, "साफ शे ना?"

"आहे."

झाकण उघडून तिनं बघितलं नाही. पदर सावरला आणि गेली.

रविवारी कानबाई बसली. गावात सहा घरचे रोट जसे होते तसे देवीपुढं गेले आणि सहाही घरी प्रसाद गोड लागला. दुपारी वहिनी ताट घेऊन माझ्या दारात उभी राहिली. रोट, खीर, कटाची आमटी.

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे, मी खात नाही."

"देवीनं नाव कोन ली ऱ्हायनं? दयनारनी सांगं, पीठ साफ शे. मंग दयनारनी खाई दखाडावं. का तुमना बोलवर तुमनाच भरोसा नही?"

बायको दारामागं तोंडाला पदर लावून हसत होती. मी खाली बसलो. माझ्या मुठीचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पीठ साफ आहे असं मी म्हणालो होतो.

रोट मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला. उडीद कुठं लागतो का ते बघत होतो.

गहूच होता.