रक्तातील नागीण

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. माझ्या सुनेचा गर्भ दोनदा टिकला नव्हता. तिसऱ्या खेपेस डॉक्टरांनी तिचे रक्त मुंबईस तपासणीला पाठविले. अहवाल आला तेव्हा डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी होते आणि मुलगा नोकरीनिमित्त गडहिंग्लजला.

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. पाकीट मीच फोडले. ‘हर्पिस’ या शब्दापुढे ‘आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह’ असे होते. शब्दकोशात हर्पिसचा अर्थ ‘नागीण’ असा दिला होता. नागिणीचा विळखा कमरेभोवती पुरा झाला की माणूस वाचत नाही, हे लहानपणापासून ऐकलेले. ती रक्तातच असेल, तर गर्भाला विळखा पडण्यास कितीसा वेळ? शिकलेला असूनही मी हाच विचार केला. सुनेला काहीही सांगितले नाही. तीन दिवस तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

शुक्रवारी अंबाबाईच्या देवळात गेलो. श्रद्धेने गेलो असे म्हणवत नाही. दुसरीकडे कुठे जावे ते सुचत नव्हते. रांगेत हातातील कागद गळून पडला. मागच्या वृद्ध बाईंनी तो उचलून वाचला.

“पावणं, रिपोर्ट पडला की. कुणाचा ह्यो?”

“सुनेचा. तिच्या रक्तात नागीण आहे.” हे मी प्रथमच मोठ्याने उच्चारले.

“रक्त तपासण्यातच माझी नोकरी सरली. नागीण न्हवं ओ ही, तिची भावकी. तापात ओठावर फोड येत्यात न्हवं, त्यातली. आयजीजी म्हंजे कवातरी येऊन गेली, रक्तानं वळख ठेवली. नवी असती तर बहुतेक आयजीएम बी उठला असता. तुमचं रक्त काढा, तुमच्यात बी गावंल. मग तुमास्नी गारुड्याकडं न्यायचं व्हय?”

रांगेतले दोघे हसले. बाई मात्र गंभीर झाल्या. “डाक्टरला दावाच. पर सुनेला आजच सांगा.”

दर्शनानंतर त्यांना शोधले, दिसल्या नाहीत.

घरी येऊन सुनेला सर्व सांगितले. ती म्हणाली, “मामंजी, तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता. मला वाटलं, बाळ गेलंय आणि मलाच कुणी सांगत नाही.”

सोमवारी डॉक्टरांनीही तोच अर्थ सांगितला. पुढे यथाकाल नात झाली. त्यात अंबाबाईची कृपा किती, हे ठरविणारा मी कोण? तो कागद मी घट्ट धरून ठेवला होता. तो हातून सुटला, एवढीच कृपा मी निःसंशय माझ्या वाट्याची मानतो.