पार्सलातली विभूती

एक काळ होता, माझा रविवार संध्याकाळीच सुरू व्हायचा. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, टेबलावर वजनकाटा, मोजायची टेप आणि फोन मांडायचा, आणि लेकीची वाट बघत बसायचं. तिकडं अमेरिकेत तेव्हा तिची सकाळ झालेली असते.

बिदरला आमचं बिदरीच्या वस्तूंचं लहानसं दुकान आहे. काळ्या अंगावर चांदीची नक्षी केलेल्या डब्या, कडी, फुलदाण्या. माल घडवतात ते चाचा. माझ्या नवऱ्याच्याच वयाचे, त्याच्याबरोबर या धंद्यात आलेले. नवरा गेल्यावर दुकान मी बघायला लागले आणि थोडा माल लेक तिकडं विकायला लागली. त्यात फार काही मिळत होतं असं मुळीच नाही. दुकान चालतं ते हैदराबादच्या गिऱ्हाइकांवर. पण पार्सल जायचं असलं की लेकीचा फोन लांबायचा. पार्सल नसलं की "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" एवढ्यात आटपायचा. म्हणून मला पार्सल पाहिजे असायचं. सरळ सांगते, उगं लपवायचं कशाला?

आधी लहान पार्सलाला तिकडं कर नव्हता. डबी गुंडाळायची, टपालात टाकायची, मोकळं व्हायचं. एका रविवारी लेक म्हणाली, "अव्वा, ती सूट गेली. आता एवढीशी डबी आली तरी तिच्यावर कर. आणि खोक्यात काय काय हाय ते सगळं आधी लिहून द्यायचं."

"कामून? आपण काय तोफा पाठवायलोत का?"

ती हसली. किती महिन्यांनी अशी खळखळून हसली! त्या तिकडच्या सरकारला मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मी तिथल्या तिथं परत घेतल्या.

मग आम्ही तयारीला लागलो. प्रत्येक वस्तूला म्हणे करासाठी एक लांबलचक आकड्यांचा कोड असतो, आणि वस्तू कशाची आहे त्यावर तो ठरतो. आता बिदरी कशाची? चांदीची म्हणावं तर एक कोड, जस्ताची म्हणावं तर दुसरा. लेक तिकडं नियम वाचून दाखवायची, मी इकडं डबी हातात फिरवत ऐकायची. शेवटी ठरलं, अंग जस्ताचं, चांदी नुसती नटण्यापुरती. त्या डबीचा कोड मला दुसऱ्याच रविवारी पाठ झाला. तरी दर रविवारी मी विचारायची, "त्या डबीचा कोड काय गं?"

"अव्वा, किती वेळा सांगू!" ती वैतागायची, आणि एकेक आकडा सुटा करून सांगायची, लहानपणी मी तिला पाढे सांगायची तसा. मग विचारायची, "लिहून घेतलंस का?"

"व्हय गं माय," मी म्हणायची. एवढं बोलणं तर तिचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा झालं नव्हतं.

वस्तू कुठं बनली तेही वस्तूवर लिहायचं होतं. मी चिकटवायच्या पट्ट्या आणल्या, तर चाचा भडकले. "भाभी, काले पे गोंद लगाते? देखतेच मालूम होता ना, बिदर का है करके!"

"तिकडच्या साहेबाला कुठलं बिदर आणि कुठलं काय, चाचा? त्याला किल्ल्याची माती नेऊन दाखवू का?"

किल्ल्याच्या मातीच्या पाण्यात उकळूनच आमचा माल काळा होतो, त्यामुळं तो टोमणा त्यांना चांगलाच झोंबला. बोलायचे बंद झाले. आणि मग एका सकाळी आले, आणि प्रत्येक डबीच्या बुडाला छिन्नीनं बारीक अक्षरात 'मेड इन इंडिया' कोरलेला सगळा माल त्यांनी माझ्या टेबलावर आदळला. अक्षर सुरेख होतं, पण मी तोंडावर कौतुक केलं नाही.

त्या डब्या एका लग्नासाठी होत्या. लेकीच्या ओळखीच्या घरी पाहुण्यांना भेट द्यायच्या होत्या. नव्या नियमातलं आमचं पहिलंच मोठं पार्सल. लेक म्हणाली, "हे नीट पोचलं तर पुढं चालवू. न्हाई तर नोकरी बघून, लेकरू बघून माझ्याच्यानं हे निभत न्हाई. आणि एक ध्यानात ठेव अव्वा, कागदावर न्हाई ते खोक्यात न्हाई."

आता आमच्या घरची एक रीत आहे. कुणी गावाला निघालं की कपाळाला विभूती लावल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. नवऱ्यानं ही रीत मालालाही लावली होती. "माल बी घरातूनच चाललाय की," म्हणायचा, आणि दर खोक्यात विभूतीचा खडा कागदाच्या पुडीत बांधून ठेवायचा. तो गेल्यावर पुडी मी ठेवायला लागले. विभूती दुबलगुंडी गावाहून माझा भाऊ आणून देतो. लहान पार्सलं कुणी उघडून बघत नव्हतं, त्यामुळं कुणी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी एकेक डबी कागदाशी ताडून बघितली, वजन केलं, फोटो काढले. खोकं बंद करताना हात विभूतीकडं गेला. लेकीचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण विभूती म्हणजे काय माल आहे? तिला कसली किंमत आणि कसला डोंबलाचा कोड? आणि एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं खोकं मोकळ्या कपाळानं पाठवायला माझं मन धजेना. ठेवली पुडी.

वाटेत खडा फुटला. तिकडं कस्टमवाल्यांनी खोकं उघडलं तर आत पांढरी भुकटी, आणि कागदावर तिचा उल्लेखच नाही. पार्सल अडकलं. ही कसली पूड, म्हणून लेकीला विचारणा झाली. बिचारीनं उत्तरं लिहिली, फोटो पाठवले, गोवरीची राख असते म्हणून सांगितलं. शेणाचं नाव काढल्यावर तर आणखीच घोळ झाला. तोवर लग्न होऊन गेलं, आणि खोकं माझ्याकडं परत आलं. डब्या सगळ्या होत्या. पुडी तेवढी नव्हती.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं, मीही भांडून घेतलं असतं. ती हळूच म्हणाली, "कामून टाकलीस अव्वा?"

"तुझे अप्पा टाकायचे."

ती म्हणाली, "बंद करू आता हे. तू बी दमलीस, मी बी."

मी दमले नव्हते. मेलं, त्या कामानं तर मी जिवंत झाले होते! पण तोंडातून निघालं, "बरं."

पुढचे रविवार फार वाईट गेले. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवते. चाचा म्हणाले, तो वजनकाटा आता उचलून ठेवा. मी ठेवला नाही. आणि एका रविवारी फोन आलाच नाही. अर्धं शटर ओढून मी बसून राहिले. बाहेर रस्त्यावर लोक येत-जात होते, हैदराबादच्या बसचा भोंगा ऐकू आला. मला इतकं एकटं वाटलं, की ते परत आलेलं खोकं मी जवळ ओढलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

शेवटी मीच फोन लावला, स्पीकरवर. मागं तिचं लेकरू रडत होतं.

"अव्वा? बरी हायस ना?"

मी बरी आहे, जेवले, गोळ्या घेतल्या. हे सगळं एका दमात सांगून झालं. ती आता ठेवणार, असं वाटलं.

"त्या डबीचा कोड काय गं?" मी म्हणलं.

पार्सल नाही, गिऱ्हाईक नाही, तर आता कोड कशाला, असं तिनं विचारायला पाहिजे होतं. तिनं विचारलं नाही. लेकराला कडेवर घेतलं असावं, कारण रडणं थांबलं. मग ती एकेक आकडा सुटा करून सांगायला लागली. मधेच एका आकड्याला चुकली. मी पटकन दुरुस्त केला.

माझं पाठांतर उघडं पडलं. मग तिनं राहिलेले आकडे सांगितले, अगदी सावकाश, आणि विचारलं, "लिहून घेतलंस का?"

"व्हय गं माय." माझे दोन्ही हात खोक्यावरच होते.

"फुलदाणीचा बी सांगू का, अव्वा?"

"सांग," मी म्हणलं.