फोनच्या मागं गेलेला टँकर

त्या दुष्काळी वर्षांत मी एका छोट्या कंपनीत कामाला होतो. पाण्याचे टँकर मागवायचं ॲप आम्ही बनवलं होतं. शहर चहूकडं वाढत होतं, नव्या प्लॉटिंगमध्ये ना गल्लीला नाव, ना घराला नंबर. म्हणून ॲप उघडं असो वा बंद, फोन कुठं आहे ते सतत कळवत राहायचं आणि ड्रायव्हर नकाशावरच्या त्या खुणेवर जायचा. पाणी पोचत होतं, आम्ही खुशीत होतो.

माझी थोरली बहीण बजाजनगरला राहायची. एकदा तिनं सकाळी घरून टँकर मागवला. संध्याकाळी यायची गाडी दुपारीच निघाली, आणि ड्रायव्हरचा मला फोन आला.

"सायेब, मी दौलताबादला किल्ल्याखाली उभा हाय. टाकी कुठाय? इथं तर एक बाई नुसती स्कूटी शिकायलीय!"

ती बाई म्हणजे माझी ताई. चाळिशीत स्कूटी शिकतेय म्हटल्यावर घरचे हसतील, म्हणून शिवणकामाचं निमित्त सांगून ती मैत्रिणीबरोबर तिथं जायची.

संध्याकाळी ती तडक आमच्या ऑफिसात आली. "मी पाणी मागितलं व्हतं, पाळत नाय! मी कुठं फिरते ते तुमच्या मशीनला कशाला पायजे?"

"ताई, त्याच्याशिवाय गाडी तुमच्या गल्लीत येणार कशी?" आमचे मालक म्हणाले.

"मला इचारा की. तोंड हाय ना मला!"

मालकांना हसू आलं, पण मुद्दाही पटला. मी ॲप बदललं. ठिकाण फक्त टँकर मागवताना घ्यायचं, तेही विचारून. नाही म्हणणाऱ्याला ड्रायव्हर फोन करायचा. मग गल्ल्या चुकू लागल्या, गाड्यांना उशीर झाला, लोक चिडले. मालक मात्र मागं फिरले नाहीत.

ताई दर वेळी 'नाही'च म्हणायची आणि ड्रायव्हरला फोनवर पत्ता सांगायची, "गिरणीपासून डावीकडं वळा, निळं गेट लागंल." तिच्या आवाजात काय ऐट असायची! माझ्या कामाचं मला त्या दिवसांत लई समाधान वाटायचं.

मेहुण्यांना स्कूटीचं तिनं स्वतःच सांगितलं. पण लायसन हातात आल्यावर.