अर्ध्या बाटलीचे साडू

"मला अर्धी नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. तुमची तुम्ही प्या."

"अहो, ओतून झालीय! आता काय परत बाटलीत भरू?"

"भरा की. तुमचा हात चांगला आहे, थेंब सांडणार नाही."

काटेमास्तरांनी हिरवी बाटली नेहमीच्या बारमधल्या टेबलावर ठेवली. समोर दोन ग्लास, दोन्हींत फेस बसल्यावर सारखी आलेली बिअर, आणि पलीकडे हाताची घडी घालून बसलेले त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. साडूंचा सोफे बनवायचा कारखाना. एरवी दोघांत अरे-तुरेच चालायचं. 'अहो' निघालं की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय.

"ही बिअर नाहीच," सोफेवाले म्हणाले, "फेस काढलेलं पाणी आहे. गार असते म्हणून कळत नाही. जरा कोमट होऊ द्या, तुम्हीच तोंड वाकडं कराल."

"लग्न झाल्यापासून हीच पितोय आपण."

"लग्न झाल्यापासून बरंच काही गिळतोय आपण. म्हणून काय त्याला गोड म्हणायचं?"

काटेमास्तरांना हसू आलं होतं. त्यांनी ते खाऱ्या दाण्यांबरोबर चावून टाकलं. "तुम्हाला त्या क्राफ्ट बिअरवाल्यांनी नादी लावलंय. शिंगं मोडून वासरांत शिरायचं वय आहे का हे? तिथं सगळी पोरंटोरं. बसायला उंच उंच स्टुलं. चढायचं कसं, उतरायचं कसं?"

"तुम्ही कधी बघितलं?"

"रस्त्यावरून."

"मी आतून बघितलंय. दोन-चार वेळा."

काटेमास्तरांचा दाणा दातातच राहिला. "दोन-चार वेळा गेलात? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

सोफेवाल्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याचं बंद शटर तेवढं होतं. "पुढच्या शनिवारी माझ्या पोरीची स्वतःची बिअर तिथं गिऱ्हाइकांसाठी नळाला लागतेय," ते हळूच म्हणाले. "पहिलीच. तुम्ही या. घोट घ्या, छान म्हणा. आणि मग... आपण दर शनिवारी तिथंच बसत जाऊ. काय वाईट आहे?"

काटेमास्तरांनी आपला ग्लास संपवला. दुसरा तसाच राहिला. त्या दिवशी दोघं पहिल्यांदाच वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेले.

हे दोन साडू कसे, तर एकाच सासऱ्यानं गंडवलेले. दोघांनाही लग्नाआधी सांगितलं होतं, "मुलगी स्वभावानं शांत आहे." या एका वाक्यावरून दोघांची जी मैत्री जमली, ती जमलीच. तेव्हा दोघंही दुसऱ्यांच्या हाताखाली काम करणारे. एक बाटली मागवायची आणि दोघांत करायची. काटेमास्तर ओतणार, सोफेवाले ग्लास निवडणार. ओतणाऱ्यानं निवडायचं नाही, निवडणाऱ्यानं ओतायचं नाही, असा कायदा. पुढे दिवस बरे आले, दोघं दोन बाटल्या सहज मागवू शकले असते, आणि मागवतही. पण एक संपल्यावर दुसरी, आणि तीही अर्धी अर्धीच. वेटर दोघांपुढे दोन बाटल्या ठेवायला गेला की काटेमास्तर त्याच्याकडे असं बघत, जणू त्यानं एका ताटात दोन भाज्या कालवल्या.

काटेमास्तरांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. भाजीवाल्यांचे तराजू, सोनारांचे नाजूक काटे, गोदामातले पोती मोजणारे लोखंडी धूड, आता ते चौकोनी डिजिटल डबेही. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं ते नुसत्या बोटांनी उचलत नसत, फडक्यानं. बोटाचा घामही वजन करतो म्हणे. "मास्तर, काटा जरा आमच्या बाजूनं बघा ना," असं एखादा दुकानदार गोड बोलला की ते अवजारांची पेटी मिटायचे. "माझ्याकडं बाजू नसते. काटा असतो."

आता हे बाजारात ठीक. घरात? नवीन पडदे लावून बायकोनं विचारलं, "कसे दिसतात?" हे म्हणाले, "लांब झालेत." शेजाऱ्यांच्या बारशात सगळे "अगदी बाबांवर गेलाय हो," करत असताना यांना विचारलं, तर म्हणे, "अजून कुणावरच गेला नाही." हळूहळू लोकांनी त्यांना विचारणंच सोडून दिलं.

आणि सोफेवाले? भुशाच्या खुर्चीलाही मखमल चढवणारा माणूस. मोडक्या स्प्रिंगला 'आराम करतेय' म्हणेल. शनिवारी सोफेवाले बोलायचे आणि काटेमास्तर ऐकायचे. कोणत्या गिऱ्हाइकानं गुलाबी सोफा मागितला आणि मग नवरा कसा अंगणात जाऊन बसला. कोणत्या जुन्या कोचाच्या पोटातून काय काय निघालं, चमचे, कंगवे, एकदा तर दाताची कवळी. काटेमास्तरांना मूलबाळ नव्हतं, मित्र म्हणावा असाही दुसरा नव्हता. आठवड्याचे सहा दिवस ते वजन बघत. सातव्या दिवशी साडूला ऐकत. एवढाच त्यांचा आठवडा.

म्हणूनच पुढचे सहा दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं.

"माझ्या सवतीशी भांडण झालं वाटतं?" ती म्हणाली. साडूला ती सवतच म्हणायची.

"त्याला माझी बिअर नको झालीय."

"मग त्याची प्या."

"ती मला आवडायची नाही."

"प्यायच्या आधीच कळलं?"

"आणि आवडली नाही तर मी तसंच सांगणार. मग पोरगी दुखावणार, तो चिडणार, शनिवार संपणार."

"तर मग छान म्हणा! जीभ झडणारेय का एकदा?" मग तिनं गहू पाखडायचं सूप खाली ठेवलं. "चिमणीचा फोन आला होता. म्हणाली, मावशी, काकांना आणच. इथं टाकीतली चाखून जो तो छान छान म्हणतो, मला काही कळतच नाही."

चिमणी म्हणजे सोफेवाल्यांची लेक. लहानपणी काकांच्या दुकानात तासन्‌तास एका पारड्यात बसून राहायची. आता त्याच क्राफ्टवाल्यांच्या बिअर बनवायच्या कारखान्यात कामाला होती. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांना भिजल्या धान्याचा वास.

शनिवारी काटेमास्तर गेले. धुतलेला सदरा घालून, परीक्षेला निघाल्यासारखे. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या चकाकत होत्या. सोफेवाले भरलेला ग्लास पुढ्यात घेऊन आधीच कोपऱ्यात होते; सुदैवानं साध्या उंचीच्या खुर्चीवर. "आलात?" ते म्हणाले. "आलो," हे म्हणाले. झालं संभाषण.

चिमणीनं ग्लास आणला. पोट फुगलेला, तोंड आवळलेला ग्लास. आत तांबूस, थोडी गढूळ बिअर.

"काका, आधी वास घ्या."

"का? नासलीय का?"

"अहो काका! मजा येते म्हणून."

त्यांनी वास घेतला. मग घोट. आधी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आलं, मागून करपलेल्या पावाच्या कडेसारखं, आणि सगळे गेल्यावर एक कडवटपणा जिभेच्या मुळाशी पाय पसरून बसला. सोफेवाले वरून काहीतरी सांगत होते आणि टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावत होते. म्हणा, छान म्हणा. काटेमास्तरांनी पाय बाजूला घेतला आणि ग्लास शेवटपर्यंत प्याले. अर्धवट चाखून मत देणं त्यांना जमणारं नव्हतं.

"चिमणे, काम चोख आहे," ते म्हणाले. "कुठं कसर ठेवलेली नाही, ते माझ्यासारख्यालाही कळतं. पण मला आवडली नाही."

सोफेवाल्यांनी डोळे मिटले.

"कुठं नाही आवडली?" चिमणी पुढे सरकून बसली.

"शेवटी. कडू मागे राहतं. जा म्हटलं तरी जात नाही."

"ते मी मुद्दाम ठेवलंय, काका! जायलाच नको होतं ते."

"मग बरोबर जमलंय. ज्याला तसलं हवं त्याला दे."

ती खळखळून हसली. "अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी सांगितलं मला!" तिनं काकांचा दंड दाबला आणि आतून कुणी हाक मारली तशी बूट फटफटवत टाक्यांकडे पळाली.

"एकदा," सोफेवाले दातओठ खात म्हणाले, "जन्मात एकदा खोटं बोलला असतात तर आभाळ कोसळलं असतं?"

"तिनं खरं विचारलं होतं."

"आणि मी? मी काय मागितलं होतं?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "पोरीची आहे म्हणून मी पीत नाही रे ही. मला खरंच आवडते. दिवसभर नाकात चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, काथ्या, रेक्झिन. जेवण काय, बिअर काय, कशालाच चव राहिली नव्हती. पोरीनं टाकीतून काढून दिली, हिचा पहिला घोट घेतला आणि बंद खोलीची खिडकी उघडावी तसं झालं. तुला सांगायची लाज वाटली. तुला वाटणार, साडू उतला."

"वाटलंच."

"बघ."

"पण लाज कशाला? तुला आवडते ना, तर पी." काटेमास्तरांनी रिकामा ग्लास टेबलावर थोडा फिरवला. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. शब्द तोलून तोलून येत होते. "माझं म्हणणं वेगळं आहे. ही तुझी बिअर सारखी बोलत असते. हे बघ, ते बघ, आता संत्रं, आता पाव. मी तिच्याकडंच बघत बसलो. तू मघाशी काहीतरी सांगत होतास, मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. ती हिरवी बाटली मुकाट असते. चव नाही, तू म्हणतोस ते खरंय. मला तरी कुठं तिची चव हवी असते? मी तुला ऐकायला येतो."

 

"आता तू सांग," काटेमास्तर म्हणाले. "इथं बसलो तर मला तू ऐकू येत नाहीस. तिथं बसलो तर तुला चव येत नाही. पुढच्या शनिवारी कुठं बसायचं?"

सोफेवाले उठले. ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या गादीत त्यांनी अंगठा रोवला, आतला फोम किती दबतो ते बघितलं, गादी तळव्यानं सारखी केली. आपल्या भरलेल्या ग्लासाकडे त्यांनी एकदा बघितलं, साडूकडे मात्र बघितलं नाही. चष्मा कपाळावर ढकलला, दोन्ही डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि टेबलांच्या गर्दीतून वाट काढत, पुढच्या शनिवारचं उत्तर टेबलावरच सोडून, दारातून बाहेर पडले.