राखेनं घासलेली बाटली

सालेकशाकडचा आमचा डोंगर ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, असं पाणी तपासणाऱ्या बाईंनी गावात सांगितलं. अशा दगडातून पाण्यात खार उतरतो, आणि फ्लोराइड उतरलं तर लेकरांचे दात बिघडतात, असंही म्हणाल्या. माझी सून पोटुशी होती. नाल्याच्या रेतीत खणलेल्या आमच्या झिऱ्याचं पाणी तिनं लगेच बाटलीत भरून नेलं.

बाईंनी त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं.

"खार फार आहे, बाबा. सध्या पिऊ नका."

"मी जनमभर पेत आलो. काय झालं मले?"

सून रडवेली होऊन म्हणाली, "मामाजी, तुमचे दात तरी कुठी हायेत दाखवाले?"

बाईंना हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "बाटली कशानं धुतली होती?"

"राखेनं. भांडे तशेच घासतो ना आमी."

"अगं, राखेतच खार असतो!"

आम्ही तिघं झिऱ्यावर गेलो. जुनं पाणी मी वाटीनं उपसलं आणि नवं झिरपेपर्यंत थांबलो. बाईंनी आपल्या बाटलीत ते भरलं. मी मान ताठ ठेवली होती, पण डोळे बाटलीवरच होते. थेंब पडले, पाणी फिकं हिरवं झालं, म्हणजे खार नव्हता. फ्लोराइडची वेगळी तपासणीही चांगली निघाली.

'सांगितलं होतं ना' म्हणायला मी तोंड उघडलं. पण सून ओंजळीनं घटाघटा पाणी पीत होती. मीही तिच्या बाजूला बसून पोटभर प्यालो.