आतल्या बाजूची रेघ

विक्रोळीच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनतात. तिथे रत्नप्रभा परब सत्तावीस वर्षं ड्रॉइंग काढतेय. मालवणकडची, मराठी शाळेत दहावी झालेली. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायची. कॉम्प्युटर आला तेव्हा घाटकोपरच्या क्लासात पोरांच्या मांडीला मांडी लावून शिकली. माउसला हात लावण्याआधी मनातल्या मनात रवळनाथाला हाक मारते, ते शेजारच्यालाही कळत नाही.

गोलाव्यावर नक्षी बसवावी तर तिनेच. नक्षी आधी सपाट काढायची, मग वस्तूवर वरून सोडायची. छापातून पायरीवर रांगोळी सोडावी तशी. फरक एवढाच, की रांगोळी पायरीवरच थांबते, कॉम्प्युटरची रेघ मात्र आरपार जाते. कुठल्या बाजूंवर पडायचं ते एकेक निवडून सांगावं लागतं, नाहीतर ती पोटातही उमटते.

त्या दिवशी काम होतं शाळेच्या डब्याच्या झाकणाचं. वर वेलबुट्टीचा चर हवा होता. मालक सहदेवशेठ यांचा भाचा सुशांत सहा महिन्यांपूर्वी तिच्यावर साहेब म्हणून आला होता. त्याने घाईत सगळंच झाकण निवडलं आणि फाईल तिच्याकडे सहीला पाठवली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन चौकोन असत. ‘काढलं’मध्ये नाव कायम साहेबाचं, मग काढलेलं कुणीही असो. ‘तपासलं’मध्ये तिची दोन अक्षरं.

तिने स्क्रीनवर झाकण उलटं केलं. आतूनही तीच वेलबुट्टी. दीड मिलिमीटरच्या झाकणाला दोन्हीकडून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचा चर. मध्ये उरलं काय, कपाळ?

सही करणार नाही म्हणाली. सुशांतने समजावून पाहिलं, मग टोमणा मारला, की मॅडमना इंग्रजीतल्या सूचना वाचायला वेळ लागतो. पार्टी खोळंबलीय, पाचला साच्याचं पोलाद मशीनवर चढायलाच हवं.

“आणि आत कोण बघतंय?” तो म्हणाला.

“डबा घासणारी बघते,” रत्नप्रभा म्हणाली. “तुम्ही कधी घासलात?”

त्याने सहीशिवायच फाईल खाली पाठवली. तिने अडवलं नाही. बॅग टेबलावर काढून ठेवली आणि बसून राहिली. नोकरी जाईल तर जाईल, पण त्या चरांत अडकून आंबलेल्या भाजीखाली तिची अक्षरं नसतील.

दहा मिनिटांत बाळा वर आला. कटिंग मशीन त्याच्या हातात, वीस वर्षं. कापलेलं पोलाद परत जुळत नाही, म्हणून परबबाईंची अक्षरं बघितल्याशिवाय तो मशीन चालू करत नसे. कुणी नेमून दिलेलं नव्हतं, त्याची आपली रीत.

“बाईंची सही नाही,” एवढंच तो म्हणाला आणि जिन्यात बसला.

सहदेवशेठ केबिनमधून बाहेर आले. भाच्यावर चिडायचं की हिच्यावर, ते त्यांना ठरवता येईना. हिच्यावर चिडले. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.

“नाही येणार,” ती म्हणाली आणि उलटं झाकण तसंच ठेवून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शेठनी चष्मा वर केला. स्क्रीनवरच्या आतल्या चरावरून बोट फिरवलं. मग विचारलं, नीट करायला किती वेळ.

“दहा मिनिटं. पण ‘काढलं’मध्ये माझं नाव येईल. अख्खं.”

शेठनी जिन्यातल्या बाळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “टाक,” म्हणाले.

तिने जुना चर पुसला, वरच्या पाच बाजू एकेक करून निवडल्या, वेल सोडली. झाकण पुन्हा उलटं केलं. आत स्वच्छ. मग कोपऱ्यात टाईप करायला लागली: रत्नप्रभा शिवदास परब.

एवढं त्या चौकोनात मावणार नाही, सुशांत पुटपुटला.

तिने चौकोन मोठा केला.