कमरेला बांधलेले देव

मुलगी शिकायला कोलोनला निघाली, म्हणून तिला द्यायला देवांचे चांदीचे टाक काढले. लाल फडक्याला अजून कापराचा वास आहे.

बाबांना पहिल्यांदा जर्मनीत आणलं, तेव्हा हे फडकं त्यांच्या कमरेला होतं. "बॅगेत ठेवा," मी परोपरीने सांगितलं. पण दीडशे वर्षांपूर्वी खापरपणजोबा बायकामुलांसह कोकण सोडून माळव्यातल्या ओसाड रानात राहायला गेले, ते देव असेच कमरेला बांधून. बाबा ऐकेनात.

विमानतळावर कस्टमच्या बाईंना सदऱ्याखालचा फुगवटा दिसला. गाठ सुटेना, तशी त्यांनी कात्री उचलली. "कात्री नको!" बाबा ओरडले. दोन पोलीस धावत आले. बाबांनी नखांनी गाठ सोडली, टाक टेबलावर मांडले आणि बूट काढून अनवाणी उभे राहिले.

"हे तुमच्याबरोबर आहेत का?" बाईंनी मला विचारलं. मी नकळत दोन पावलं मागे सरकलो होतो. "हो," म्हणालो, पण जरा थांबून. बाबांना जर्मन येत नव्हतं. तरी त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"हे आजोबांचे?" आज मुलीने जर्मनमध्येच विचारलं.

"हो," मी लगेच म्हणालो. ते ऐकायला आता बाबा नाहीत.